परका मजूर, स्वस्त मजुरी : क्वीन्सलंडच्या ऊसपट्ट्यातील एक धडा



ऊस लावणे आपल्या हातात असते. बेणे, पाणी, खत यांची जुळणी आपण करतो. पण उभा ऊस गव्हाणीत पडायचा तर त्याला तोडणारे हात लागतात, आणि ते हात बहुधा आपल्या गावचे नसतात. जगात जिथे जिथे ऊस गेला तिथे तिथे हा प्रश्न त्याच्या मागोमाग गेला. तोडायला माणूस आणायचा कुठून, आणि त्याला द्यायचे किती?

या पाठात आपण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड या ऊसपट्ट्याची हकीकत पाहणार आहोत. परदेशातून स्वस्त मजूर आणायला तिथल्या एका राष्ट्रवादी पुढाऱ्याने विरोध केला, कायदा करून घेतला आणि तो अमलातही आणला. या पुढाऱ्याचे नाव आल्फ्रेड डीकिन. त्यांचा विरोध बरोबर होता की चूक, असा एका शब्दात निकाल देता येत नाही. त्यातला काही भाग कष्टकऱ्याच्या भल्याचा होता आणि काही भाग माणुसकीला सोडून होता. हे दोन भाग वेगळे कसे ओळखायचे, तेवढेच या पाठातून शिकायचे आहे.

१. मळे आले, मजूर कुठून आणायचे?

क्वीन्सलंड हा ऑस्ट्रेलियाचा ईशान्येकडचा मुलूख. किनारपट्टी उष्ण, पाऊस भरपूर. १८६० च्या दशकात तिथे उसाचे मोठाले मळे सुरू झाले. मळेवाले गोरे होते. त्यांचे म्हणणे असे की, या उन्हात गोऱ्या माणसाच्याने अंगमेहनत होणारच नाही, हे काम काळ्या माणसाचेच.

१८६३ साली रॉबर्ट टाउन्स नावाच्या व्यापाऱ्याने पॅसिफिक महासागरातील बेटांवरून सुमारे सत्तर माणसे जहाजाने ब्रिस्बेनला उतरवली. कामाला लावली ती कापसाच्या मळ्यात. त्याच टाउन्सच्या नावाने पुढे टाउन्सव्हिल हे शहर वसले. कापूस फार काळ टिकला नाही, पण मजूर आणायची वहिवाट पडली, आणि ती उसाने उचलली. १८६३ ते १९०४ या काळात सुमारे ६२ हजार मजूर-करार झाले. काही माणसे दोनदा-तीनदा आली, म्हणून माणसे त्याहून थोडी कमी. बहुतेक जण आजच्या वानुआतू आणि सॉलोमन या बेटांवरचे. गोरे लोक त्यांना ‘कनाका’ म्हणत. मूळ हवाई बेटांवरचा हा शब्द, अर्थ नुसता ‘माणूस’. पण तो इतक्या तुच्छतेने वापरला गेला की त्या मजुरांच्या वंशजांना आज तो शिवीसारखा लागतो.

२. सहा पौंडांचा करार

१८६८ साली क्वीन्सलंड सरकारने या मजुरांसाठी कायदा केला. करार तीन वर्षांचा. मजुरी वर्षाला ६ पौंड. शिवाय जेवण, कपडे, राहायला झोपडी आणि मुदत संपल्यावर परतीचा प्रवास. आता हिशेब करू. एका पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे ६ पौंडांचे १२० शिलिंग. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर आठवड्याला सव्वादोन शिलिंगांच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

काम सोडून पळाला तर मजुराला तुरुंग. म्हणजे करार मोडणे हा दिवाणी मामला नव्हता, तो गुन्हा होता. भरतीचे तर विचारूच नका. सुरुवातीच्या वर्षांत कित्येकांना फसवून, कित्येकांना चक्क पळवून आणले. १८७१ साली ‘कार्ल’ नावाच्या जहाजावर पळवून आणलेल्या माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याचा बोभाटा होऊन १८७२ साली ब्रिटिश पार्लमेंटला कायदा करावा लागला. तरी प्रकार थांबले नाहीत. १८८५ मध्ये क्वीन्सलंडच्याच चौकशी आयोगाला आढळले की शेकडो माणसांना आपण किती वर्षांसाठी आणि कशाला चाललो आहोत, हेच कळलेले नव्हते.

आणि मृत्यू? १८८४ हे सगळ्यांत वाईट वर्ष. त्या वर्षी या मजुरांत दर हजारी जवळजवळ १४७ जण दगावले. ऐन उमेदीतली माणसे ही. हगवण, न्यूमोनिया, क्षय असे आजार. नव्या मुलखातल्या रोगांशी शरीराची ओळख नाही, त्यात अन्न निकृष्ट आणि काम जबर. एकूण सुमारे १५ हजार माणसे त्या मातीत गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

तेव्हा ‘स्वस्त मजूर’ हा शब्द कानावर पडला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा : स्वस्त कोणाला? मजुरीतला जो पैसा मालकाने वाचवला तो कोणीतरी भरलाच होता. आपल्या अंगाच्या कातड्याने भरला होता.

३. मोठा मळा की लहान शेतकरी?

या पद्धतीला विरोध करणारे पहिले मोठे नाव डीकिन यांचे नव्हे, सॅम्युएल ग्रिफिथ यांचे. हे वकील गृहस्थ १८८३ साली क्वीन्सलंडचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या सरकारने १८८५ साली कायदा केला की, १८९० अखेरनंतर बेटांवरून मजुरांची भरती बंद.

ग्रिफिथ यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र होते. हजारो एकरांचा एक मालक आणि त्याच्या हाताखाली शेकडो बांधील मजूर हे त्यांना नको होते. आपल्या तुकड्यावर आपण राबणारे लहान शेतकरी आणि त्या सर्वांचा मिळून एक कारखाना, असे त्यांना हवे होते. त्यासाठी सरकारने ५० हजार पौंड मंजूर केले. मकाय भागात रेसकोर्स आणि नॉर्थ ईटन असे दोन ‘मध्यवर्ती कारखाने’ उभे राहिले. पुढे १८९३ साली सरकारी हमीचा कायदा झाला. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कंपनी काढायची, आपल्या जमिनी तारण द्यायच्या आणि सरकारच्या हमीवर कारखान्याला पैसा उभा करायचा.

सभासदांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. आपल्याकडे प्रवरेच्या काठी १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो मार्ग घालून दिला, त्यातही शेतकऱ्याचे भाग-भांडवल आणि सरकारचा आधार हीच जोडी होती. शेतकरीच कारखान्याचा धनी व्हावा, ही ओढ दोन्हीकडे सारखी.

पण ग्रिफिथ यांचा कायदा टिकला नाही. साखरेचे भाव पडले, पैशाची टंचाई आली, मळेवाल्यांनी ओरड केली. १८९१ साली बेटवाल्यांच्या बदल्यात तीनशेहून अधिक इटालियन मजूर जहाजाने आणून पाहिले, पण तेवढ्याने भागेना. अखेर १८९२ साली ज्यांनी दार बंद केले होते त्या ग्रिफिथ यांनीच ते पुन्हा उघडले. का? बंदी घातली, पण स्वस्त मजूर गेल्यावर वाढलेला खर्च कोण सोसणार, याची तजवीज केली नव्हती. नुसत्या बंदीने ऊस तुटत नाही.

४. डीकिन यांचे म्हणणे

आता डीकिन यांच्याकडे वळू. जन्म मेलबर्नचा, १८५६ सालचा. वकिली शिकले, वर्तमानपत्रात लिहू लागले आणि विशीतच राजकारणात पडले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे हा पाटपाण्याचा माणूस होता. व्हिक्टोरिया वसाहतीत मंत्री असताना त्यांनी अमेरिकेत जाऊन कालव्याची शेती पाहिली आणि कॅलिफोर्नियातील चॅफी बंधूंना बोलावून मिल्ड्युराची ओलिताखालची वसाहत वसवली. १८९० च्या हिवाळ्यात ते भारतातही आले. इथले कालवे, बंधारे हिंडून पाहिले आणि १८९३ साली ‘इरिगेटेड इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. भारतीय शेतकऱ्याचे कष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. अजाणतेपणी बोलणारा हा पुढारी नव्हता.

१ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलिया हे संघराज्य झाले. एडमंड बार्टन पहिले पंतप्रधान, डीकिन त्यांचे कायदेमंत्री. पुढे १९०३ ते १९१० या काळात डीकिन तीन वेळा पंतप्रधान झाले. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या गोऱ्यांची ‘ऑस्ट्रेलियन नेटिव्हज असोसिएशन’ नावाची संस्था होती, त्यातले ते बिनीचे कार्यकर्ते. गंमत बघा, तिथले खरे आदिवासी त्या ‘नेटिव्ह’ शब्दात धरलेच नव्हते.

पहिल्याच पार्लमेंटात परक्या मजुरांचा प्रश्न निघाला. डीकिन यांच्या म्हणण्यात दोन धागे होते, ते आपण सुटे करून पाहू.

पहिला धागा मजुरीचा. बाजारात अशी माणसे आणली की जी नाइलाजाने कितीही कमी पैशांत राबतील, तर सगळ्यांचीच मजुरी खाली येते. मालकांत कोण चांगला, कोण वाईट हा प्रश्न नाही. शेजारचा मळेवाला सव्वादोन शिलिंगांत काम करून घेत असेल, तर भला मालकही फार काळ जास्त देऊ शकत नाही. म्हणून मजुरीला खालून टेकू हवा, आणि तो कायद्यानेच लागेल. या म्हणण्यात वावगे काही नाही.

दुसरा धागा वंशाचा. देश एक व्हायचा तर लोकही एकाच वंशाचे, गोरे, हवेत. इथे डीकिन यांनी एक विलक्षण कबुली दिली. सप्टेंबर १९०१ मधील भाषणात जपानी लोकांविषयी बोलताना त्यांनी सांगितले की, या लोकांच्या अवगुणांचे आम्हाला भय नाही, त्यांच्या गुणांचे आहे. ते कष्टाळू आहेत, चिकाटीचे आहेत, थोडक्यात भागवतात, म्हणूनच ते धोक्याचे.

हे वाक्य नीट चावून पाहावे. मजुरी कमी असणे हीच हरकत असती, तर उपाय सोपा होता : त्या माणसालाही पूर्ण मजुरी द्या. पूर्ण मजुरी मिळणारा बेटवाला कोणाचे पोट मारत नाही. पण तो उपाय त्यांना नको होता. म्हणजे हरकत मजुरीपाशी थांबत नव्हती, ती माणसापर्यंत गेली होती.

५. कायदा आणि त्यामागचा हिशेब

१९०१ च्या डिसेंबरात दोन कायदे झाले.

पहिला परदेशी लोकांच्या प्रवेशाचा. त्यात ‘काळ्यांना बंदी’ असे शब्द नव्हते. बादशहाच्या राज्यातील हिंदी प्रजेला उघड वंशावरून अडवणे लंडन सरकारला अडचणीचे होते. म्हणून दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या १८९७ च्या कायद्यावरून एक युक्ती उचलली. येणाऱ्याने कोणत्याही एका युरोपीय भाषेत पन्नास शब्द ऐकून लिहून दाखवायचे. भाषा कोणती, ते अधिकारी ठरवणार. इंग्रजी येणारा हिंदी माणूस आला तर त्याला दुसरी एखादी भाषा घालायची. नापास करायचेच ठरवल्यावर पास होणार कोण?

दुसरा कायदा खास बेटांवरच्या मजुरांचा. ३१ मार्च १९०४ नंतर नवा मजूर आणायचा नाही, आणि १९०६ अखेरनंतर जे राहतील त्यांना देशाबाहेर पाठवायचे.

ग्रिफिथ यांना जे जमले नाही ते या वेळी जमले, कारण बंदीबरोबर हिशेबही बांधला होता. तो असा :

– बाहेरून येणाऱ्या ऊस-साखरेवर टनाला ६ पौंड आयात कर.

– देशात तयार होणाऱ्या सर्व साखरेवर टनाला ३ पौंड उत्पादन शुल्क.

– ऊस गोऱ्या मजुरांनी पिकवला-तोडला असेल, तर शेतकऱ्याला टन उसामागे ४ शिलिंग परत.

दहा टन उसाची एक टन साखर धरली, तर ४ शिलिंगांचे ४०, म्हणजे २ पौंड झाले. म्हणजे बाहेरच्या साखरेच्या मानाने काळ्या मजुरांच्या साखरेला ३ पौंडांचे संरक्षण आणि गोऱ्या मजुरांच्या साखरेला ५ पौंडांचे. १९०५ च्या कायद्याने हे अनुदान टन उसामागे ६ शिलिंग, म्हणजे टन साखरेमागे ३ पौंडांवर नेले. मजूर बदलला की पदरात रोख फरक पडू लागला. १९१० च्या सुमारास क्वीन्सलंडचा बहुतेक ऊस गोऱ्या मजुरांच्या हातून तुटू लागला होता. ‘गोऱ्याला उन्हात काम होत नाही’ हे चाळीस वर्षांचे शास्त्र अनुदान मिळताच गळून पडले.

हा पैसा आला कुठून? साखर खाणाऱ्याच्या खिशातून. सगळ्या देशाने साखर महाग घेतली आणि तिथल्या मजुराला बरी मजुरी मिळाली. न्याय्य मजुरी फुकट मिळत नाही, तिचा बोजा कोणावर टाकायचा हे आधी ठरवावे लागते. डीकिन यांनी ते ठरवले, ही त्यांची जमेची बाजू. पुढे त्यांनी हेच तत्त्व कारखानदारीला लावले. संरक्षण हवे असेल तर मजुराला रास्त मजुरी द्या, नाहीतर शुल्क भरा. त्याच कायद्यावरून १९०७ साली शेती-अवजारांच्या एका कारखान्याचा खटला चालला. न्यायमूर्ती हिगिन्स यांनी ठरवले की, बायको आणि तीन मुले असलेल्या साध्या मजुराला माणसासारखे जगायला आठवड्याला ४२ शिलिंग लागतात, तीच रास्त मजुरी. तो कायदा वरच्या न्यायालयात टिकला नाही, पण कुटुंबाच्या गरजेवरून मजुरी ठरवायचे माप त्या देशात कायम झाले.

६. ज्यांना घालवले, त्यांचे काय?

आता खर्चाची बाजू. १९०१ साली जवळजवळ दहा हजार बेटवाले ऑस्ट्रेलियात होते. पहिला करार संपवून कित्येक जण मोकळे मजूर झाले होते, बरी मजुरी मागू लागले होते. काहींनी खंडाने जमीन करून स्वतःचा ऊस लावला होता. लग्ने झाली होती, पोरेबाळे त्याच मातीत जन्मली होती. अशा माणसांना ‘तुमचा देश दुसरा’ असे सांगण्यात आले.

ते गप्प बसले नाहीत. बादशहाकडे अर्ज केले. मकायमध्ये हेन्री टोंगोआ यांच्या पुढाकाराने त्यांनी आपली संघटना बांधली. १९०६ साली क्वीन्सलंड सरकारच्या चौकशी आयोगानेही म्हटले की, सगळ्यांना घालवणे अन्यायाचे होईल. तेव्हा कायद्यात थोड्या सवलती आल्या. फार वर्षांपूर्वी आलेले, म्हातारे, आजारी, अशा काहींना राहू दिले. बाकीच्या सात हजारांवर लोकांची पाठवणी झाली. त्या वेळी पंतप्रधान डीकिनच होते. दोन-अडीच हजार माणसे कशीबशी मागे राहिली.

यातली एक गोष्ट तर वाचवत नाही. कामावर असताना जे मेले, त्यांची राहिलेली मजुरी घरच्यांकडे जायला हवी होती. ती बरीचशी सरकारी निधीत पडून राहिली, आणि त्या निधीतला पैसा हयात मजुरांना परत पाठवण्याच्या खर्चाकडे वळवला गेला. मेलेल्यांच्या घामाच्या पैशाने जित्यांची हकालपट्टी!

मागे राहिलेल्यांनाही सुख नव्हते. गोरा मजूर असेल तरच अनुदान, त्यामुळे शेतकरी त्यांना फडात घेईना. १९१३ च्या क्वीन्सलंडच्या कायद्याने ऊसशेतीत काम करायलासुद्धा तीच लेखी परीक्षा लावली. ज्यांनी जंगल तोडून ते फड उभे केले, त्यांनाच फडाबाहेर काढले. या लोकांच्या वंशजांना वेगळा समाज म्हणून ऑस्ट्रेलिया सरकारची मान्यता मिळाली ती १९९४ साली, क्वीन्सलंड सरकारची २००० साली. प्रवेशाची भाषापरीक्षा १९५८ साली गेली, आणि गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे धोरण १९७३ साली संपले.

७. मजुरी वाढली, मग ऊस बुडाला का?

बुडाला नाही. पण भांडणे संपलीही नाहीत. परका मजूर गेला म्हणजे मालक-मजूर वाद मिटला, असे होत नसते. १९११ साली गोऱ्या तोडणी कामगारांनीच मोठा संप केला. मागणी आठ तासांचा दिवस आणि जेवणखाण धरून आठवड्याला किमान ३० शिलिंग. बेटवाल्याचे सव्वादोन शिलिंग आठवतात ना? काळ वेगळा, पण फरक बघा. कामगारांच्या बऱ्याच मागण्या पदरात पडल्या.

मग शेतकरी म्हणाला, मजुरी वाढली तर उसाला भावही वाढवा. १९१५ साली क्वीन्सलंडने ऊसदराचा कायदा केला. कारखाना आणि शेतकरी दोघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे ऊसदर ठरवू लागली. त्याच वर्षापासून परदेशी साखरेच्या आयातीवर बंदी आली, ती १९८९ पर्यंत राहिली. म्हणजे मजुराची मजुरी, शेतकऱ्याचा दर आणि साखरेचा भाव ही तीन चाके एकाच धुऱ्याला बांधली गेली.

तोडणी कामगाराच्या जिवाचा प्रश्न पुन्हा एकदा आला. १९३४-३५ मध्ये उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाने फडात माणसे मरू लागली. तोडणीआधी ऊस पेटवून फड साफ करा, म्हणून संप झाले. पुढे यंत्रे आली, आणि १९७० चे दशक संपेपर्यंत क्वीन्सलंडचा जवळजवळ सगळा ऊस यंत्राने तुटू लागला. मजुरी महागली तिथे यंत्र लवकर पोचले.

आणि आज? शेतीकामाला माणूस पुरत नाही, म्हणून २००८ पासून ऑस्ट्रेलिया सरकारच वानुआतू, सॉलोमन अशा बेटांवरून हंगामी मजूर बोलावते आहे. ज्या बेटांकडे सात हजार माणसे परत धाडली, त्याच बेटांवरची.

८. दुसरा एक राष्ट्रवादी

त्याच दशकात आपल्याकडचा एक राष्ट्रवादी पुढारी याच प्रश्नाशी दुसऱ्या टोकाने झुंजत होता. ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचे. तेव्हा हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नाताळ, मॉरिशस, फिजी अशा ऊस-वसाहतींत जात. मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसेही मॉरिशसच्या मळ्यांत गेली, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. फिजीतले साखर कारखाने तर मुख्यतः एका ऑस्ट्रेलियन कंपनीचेच होते. घरी गोरा मजूर आणि समुद्रापलीकडे हिंदी मजूर, अशी ती सोय होती.

१९१० साली गोखले यांनी नाताळला मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव कायदेमंडळात आणला. तो मान्य होऊन १९११ मध्ये ती भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही पद्धतच सर्वत्र बंद करा, असा ठराव मांडला. तो सरकारी मतांच्या बळावर पडला. १९१५ साली गोखले वारले. १९१७ साली भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० पासून फिजीतले उरलेले करार रद्द झाले.

गोखले यांचे म्हणणे काय होते? अडाणी गरीब माणूस एकीकडे आणि त्याला राबवणारा बलदंड मळेवाला दुसरीकडे, असा करार बरोबरीचा नसतो. करार मोडला तर तुरुंग, हे गुलामीचेच दुसरे रूप. राष्ट्राचा यात अपमान आहे. स्वस्त परक्या मजुरीला गोखल्यांचाही विरोध होता आणि डीकिन यांचाही. गोखले करार मोडायला निघाले, त्यात मजूर मोकळा होत होता. डीकिन यांनी करारही मोडला आणि मजुरालाही घालवले.

९. आपल्यासाठी धडा

आपला ऊसतोड मजूर परदेशी नाही. तो बीडचा आहे, अहिल्यानगरचा आहे, जालन्या-परभणीचा आहे. आपल्याच राज्याचा, आपलीच भाषा बोलणारा. तरी दिवाळीच्या तोंडावर उचल घेऊन तो मुकादमाच्या टोळीत येतो, नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि उचल फिटेपर्यंत पाय मोकळा नसतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. राज्य सरकारच्या समितीने सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हंगामात एक खाडासुद्धा परवडत नाही, अशा जिण्याशी हा आकडा जोडलेला आहे. तेव्हा ‘स्वस्त कोणाला?’ हा प्रश्न क्वीन्सलंडपुरता राहत नाही.

क्वीन्सलंडकडून घ्यायचे ते एवढे. मजुरीला खालून टेकू द्यायचा, आणि त्याचा खर्च साखरेच्या भावात, ऊसदरात, कारखान्याच्या ताळेबंदात उघडपणे मांडायचा. टाकायचे ते हे की, मजुरी कमी म्हणून राग येतो तेव्हा तो राग मजुरावर काढणे. यंत्राने तोडणी वाढते आहे, ती वाढणारच. पण चाळीस-पन्नास हंगाम ज्यांनी आपला ऊस तोडला, त्यांना ‘आता गरज नाही’ एवढे एकच वाक्य सांगून मोकळे होणे ही डीकिनची वाट आहे.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपली माणसे म्हणतात. आपल्या धंद्याचे मूळ जमिनीत आहे, तसे ते तोडणाऱ्याच्या हातातही आहे.

गट-बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. ग्रिफिथ यांची १८८५ ची बंदी टिकली नाही आणि १९०१ ची टिकली. दोन्हींत फरक काय होता?

२. डीकिन यांच्या म्हणण्यातील मजुरीचा धागा आणि वंशाचा धागा वेगळे करून सांगा. आजकालच्या एखाद्या भाषणात हे दोन धागे एकत्र गुंफलेले दिसतात का?

३. तोडणीचा दर टनाला ५० रुपयांनी वाढवायचा ठरला, तर तो बोजा ग्राहक, कारखाना आणि सभासद यांच्यात कसा वाटावा? आपल्या कारखान्याचा गेल्या हंगामाचा ताळेबंद समोर ठेवून हिशेब करा.

४. आपल्या गटात तोडणी यंत्र आले, तर दरवर्षी येणाऱ्या टोळ्यांसाठी सभासद म्हणून आपण काय करू शकतो?